आपलाच पैसा, सरकारची उचल : रोख रकमेवरील दोन आकारण्या

बँकेतला आपला पैसा मराठी माणूस ‘काढतो’. ‘उचल’ हा शब्द तो बहुधा दुसऱ्याच्या पैशासाठी राखून ठेवतो. कर्जखात्यातून उचल होते. ऊसतोड मजूर हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढे श्रमाने ती फेडतो. मोठ्या रोख रकमा काढण्यावर भारतात दोनदा आकारणी झाली. त्या दोहोंतील अंतर समजण्यास हा शब्दभेद कायद्याच्या परिभाषेपेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे मला वाटते.

पहिली आकारणी नावाप्रमाणेच कर होती. पी. चिदंबरम यांनी २००५ च्या अर्थसंकल्पात बँकिंग रोख व्यवहार कर मांडला, तेव्हा दिवसाला १०,००० रुपयांची मर्यादा सुचविली होती. विरोधानंतर ती वाढली आणि बचत खाती वगळली गेली. १ जून २००५ पासून व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना एका दिवसात २५,००० रुपयांपेक्षा, तर इतरांना १ लाखापेक्षा अधिक रोख काढल्यास ०.१ टक्का कर पडू लागला. एखाद्या पेढीने चालू खात्यातून दीड लाख काढले तर कर दीडशे रुपये. रक्कम किरकोळ, पण गेली ती गेली. शासनाला खरे तर ते दीडशे रुपये नको होते, त्यांचा माग हवा होता. फेब्रुवारी २००८ मध्ये हा कर १ एप्रिल २००९ पासून मागे घेण्याची घोषणा करताना चिदंबरम यांनी कारणही तेच दिले : ही माहिती आता अन्य साधनांनी मिळते.

दुसरी आकारणी मात्र कर नव्हेच. १ सप्टेंबर २०१९ पासून, आयकर कायद्याच्या कलम १९४-न (इंग्रजी क्रमाने ‘एन’) अन्वये, एका बँकेतील सर्व खात्यांतून वर्षभरात १ कोटीहून अधिक रोख काढल्यास वरच्या रकमेतून २ टक्के कपात होऊ लागली. कपात एरवी उत्पन्नातून होते : वेतनातून, व्याजातून, भाड्यातून. येथे उत्पन्नच नाही. आहे तो खातेदाराचा स्वतःचा पैसा. ही अडचण संहितेलाही जाणवली असावी. कापलेली रक्कम उत्पन्न धरावी, या कलम १९८ मधील सर्वसाधारण नियमाला या कपातीपुरता अपवाद करावा लागला. शासन खातेदाराकडून घेते ती उचलच. विवरणपत्र भरले की ती कराच्या हिशेबात वळती होते, अधिक असल्यास परत मिळते. न भरणाऱ्याची मात्र ती अडकते. १ जुलै २०२० पासून तर, मागील तीन वर्षे विवरणपत्र न भरलेल्यांसाठी कपात २० लाखांपासूनच सुरू झाली आणि कोटीपुढे दर ५ टक्के झाला.

उचलीचा हा उलटा व्यवहार अडला तो बाजार समितीच्या आवारात. शेतकऱ्याला मालाची पट्टी रोख हवी. अडत्याच्या हातून वर्षाकाठी कोट्यवधी रुपये नुसते वाहून जातात, त्याचे स्वतःचे उत्पन्न त्यातली अडत तेवढी. २० सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेने अशा अडत्यांना व व्यापाऱ्यांना सूट दिली. त्यातील एक अट अशी की, काढलेली रोकड शेतकऱ्यांना मालाच्या किमतीपोटी देण्यासाठीच आहे, असे त्यांनी बँकेला लिहून द्यावे.