पॉलिमर सौरघट : बाजूच्या साखळ्यांचा इतिहास

सूर्यप्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करणारा सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि चारच वर्षांनी, १७ मार्च १९५८ रोजी, ‘व्हॅनगार्ड-१’ या उपग्रहासोबत तो अंतराळात गेला. दीड किलोहूनही कमी वजनाच्या त्या उपग्रहावरील बॅटरीवर चालणारा प्रक्षेपक त्याच वर्षी मुका झाला, तर सौरघटांवर चालणारा १९६४ सालापर्यंत संदेश पाठवत राहिला. त्यामुळे अंतराळयानाला वीज कुठून मिळणार, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी तेव्हाच ठरून गेले. सिलिकॉनची एक अडचण मात्र कायम राहिली. त्याची चकती ठिसूळ असते, ती सांभाळण्यासाठी काच आणि चौकट लागते, आणि हे सारे वजन रॉकेटला वाहून न्यावे लागते. वाकवता येईल, गुंडाळता येईल आणि छापता येईल अशा सौरघटाचा शोध या अडचणीतूनच अर्थपूर्ण ठरला.

पॉलिमर, म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडून बनलेला लांब साखळीचा पदार्थ, विजेचा अडसर म्हणूनच ओळखला जात असे. तारांवरचे वेष्टन त्याचेच असते. ही समजूत पॉलिअॅसिटिलीनने मोडली. १९६७ साली हिदेकी शिराकावा यांच्या टोकियोतील प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून हजारपट अधिक पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा हाती आला. पुढे अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्यासह शिराकावा यांनी या पापुद्र्याला आयोडीनसारख्या पदार्थाची वाफ दिली, तेव्हा त्याची विद्युतवाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामासाठी तिघांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पदार्थाच्या साखळीत कार्बनच्या अणूंमधील बंध आळीपाळीने एकेरी आणि दुहेरी असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका अणूला चिकटून न राहता साखळीभर पसरतात.

परंतु तो चंदेरी पापुद्रा कोणत्याही द्रावकात विरघळत नव्हता, वितळत नव्हता आणि हवेत ठेवला की खराब होत होता. जे विरघळत नाही त्याची शाई होत नाही, आणि शाई नाही तर छपाई नाही. यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला उपाय साधा, पण दूरगामी होता : विजेचा प्रवास ज्या मुख्य कण्यावरून होतो त्याला बाजूने मऊ हायड्रोकार्बनच्या शेपट्या, म्हणजे पार्श्वशृंखला, जोडायच्या. या शेपट्या कण्यांना एकमेकांपासून थोडे दूर ठेवतात आणि द्रावकाचे रेणू त्या फटींत शिरतात. सौरघटांच्या संशोधनात पुढे सर्वाधिक वापरल्या गेलेल्या ‘पी३एचटी’ या पॉलिमरात थायोफिनच्या प्रत्येक कड्याला सहा कार्बनची अशी शेपटी असते. नावाजलेल्या कण्याइतकेच श्रेय या दुर्लक्षित शेपट्यांनाही द्यायला हवे, कारण त्यांच्याविना हा घट छापखान्यापर्यंत पोहोचलाच नसता.

दुसरी अडचण भौतिकीची होती. सिलिकॉनमध्ये प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन मोकळा होतो. पॉलिमरमध्ये मात्र तो आपल्या मागे राहिलेल्या रिकाम्या धनभारित जागेशी बांधलेला राहतो. या जोडीला ‘एक्झिटॉन’ म्हणतात, आणि ती साधारण दहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा लाखावा भाग, इतकेच अंतर चालून विझते. तेवढ्यात तिला इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ भेटला पाहिजे. कोडॅक कंपनीतील चिंग तांग यांनी १९८६ साली दोन वेगवेगळ्या सेंद्रिय पदार्थांचे थर एकावर एक देऊन सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळवली. १९९२ साली सांता बार्बरा येथे सारिचिफ्ची, हीगर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की साठ कार्बनच्या गोलाकार ‘फुलरिन’ रेणूकडे पॉलिमरमधून इलेक्ट्रॉन कमालीच्या वेगाने जातो. १९९५ साली त्याच गटाने थरांचा नाद सोडून दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळले, म्हणजे वाळताना त्यांची एकमेकांत गुंतलेली दोन जाळी तयार होतील आणि प्रत्येक एक्झिटॉनला सीमा जवळच सापडेल. फुलरिनही सहजी विरघळत नसल्याने त्यालाही शेपटी लावावी लागली होती.

बाजारातली परीक्षा याहून कठोर ठरली. हीगर जिच्या सहसंस्थापकांपैकी होते आणि जिचे नाव ओडिशातील कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून ठेवले होते, त्या मॅसॅच्युसेट्सच्या कोनार्का कंपनीने २००८ साली न्यू बेडफर्डमधील पोलरॉइडचा जुना कारखाना घेऊन प्लॅस्टिकच्या लांब गुंडाळीवर घट छापायला सुरुवात केली. फोटोफिल्मवर पातळ लेप देणारी यंत्रे या कामाला चपखल होती. पण मोजक्याच टक्क्यांची कार्यक्षमता आणि प्राणवायू व बाष्पाने घटणारे आयुष्य घेऊन, पंचवीस वर्षांची हमी देणाऱ्या आणि झपाट्याने स्वस्त होणाऱ्या सिलिकॉनच्या पॅनेलशी स्पर्धा झेपली नाही. २०१२ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर चीनमधील संशोधकांनी फुलरिनच बाजूला सारला. २०१५ चा ‘आयटीआयसी’ आणि २०१९ चा ‘वाय६’ या नव्या रेणूंमुळे कार्यक्षमता प्रथम १५ टक्क्यांच्या आणि पुढे १९ टक्क्यांच्या वर गेली.

वजनाचे आकर्षण मात्र अंतराळाकडेच खेचत राहिले. २०१२ साली लिंझ आणि टोकियो येथील संशोधकांनी १.४ मायक्रोमीटर जाडीच्या पॉलिएस्टर पटलावर तयार केलेल्या घटातून दर ग्रॅममागे सुमारे १० वॅट मिळवून दाखवले, तेही ४ टक्क्यांच्या आसपासच्या कार्यक्षमतेवर. जून २०१९ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचे सेंद्रिय घट स्वीडनमधील किरूनाजवळून सोडलेल्या रॉकेटवर सुमारे २४० किलोमीटर उंचीवर गेले आणि सूर्याकडे पाठ असतानाही पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशावर त्यांनी वीज दिली. तेथे प्राणवायू आणि बाष्प नाही, म्हणजे जमिनीवरचे मुख्य शत्रू नाहीत. पण प्रोटॉनांचा मारा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंतराळातील सुमारे तीन वर्षांइतका प्रोटॉनांचा मारा लांब साखळीऐवजी छोट्या रेणूंच्या घटांनी जवळजवळ निर्धोक सोसला, पॉलिमरच्या घटांची कार्यक्षमता मात्र निम्मी झाली. प्रोटॉन पार्श्वशृंखला तोडतात आणि तुटलेल्या जागी इलेक्ट्रॉन अडकून पडतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे; शंभर अंश सेल्सियसच्या तापमानाने ही हानी बरीच भरून येते, असेही त्यांना आढळले. ज्या शेपट्यांनी पॉलिमरला छपाईयोग्य केले, त्याच शेपट्या अंतराळात त्याचा सर्वांत कच्चा भाग ठरल्या आहेत, आणि म्हणून पुढील संशोधनाचा खरा निकष कार्यक्षमतेच्या टक्क्यापेक्षा या शेपट्यांच्या टिकाऊपणात शोधायला हवा.