सीएसआरचे अध्यापन

उद्योगाने नफा कसा मिळवावा आणि मिळालेल्या नफ्यातला किती, कोणासाठी, कोणत्या रीतीने खर्च करावा, याचे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. काही संस्थांत ‘कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व’ असा स्वतंत्र विषय असतो. काही ठिकाणी तो व्यावसायिक नीतिशास्त्र किंवा कंपनी सुशासन यांच्या पोटात येतो. वर्गात, कंपनीत आणि स्वयंसेवी संस्थेत मात्र सगळे त्याला ‘सीएसआर’च म्हणतात. व्याख्येतले दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. भारतात 2014 पासून दुसरा प्रश्न कायद्यात आला आणि पहिला मागे पडला. या विषयाच्या अध्यापनातली मुख्य ओढाताण तिथेच आहे.

वैचारिक पाया : हॉवर्ड बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1953 मध्ये उद्योजकाच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर लिहिलेल्या पुस्तकापासून पाठ्यक्रमाची सुरुवात होते. पाठोपाठ मिल्टन फ्रीडमन येतो. नियम पाळून नफा वाढवणे एवढीच धंद्याची सामाजिक जबाबदारी, असे त्याने 1970 मध्ये बजावले. आर्ची कॅरोलने 1991 मध्ये आर्थिक, कायदेशीर, नैतिक आणि परोपकारी जबाबदाऱ्यांचा चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला. आकृती पाठ करायला सोपी असल्यामुळे परीक्षेत तीच सर्वांत जास्त उतरते. एडवर्ड फ्रीमनने 1984 मध्ये भागधारकांपलीकडचे हितसंबंधी, म्हणजे कामगार, ग्राहक, पुरवठादार आणि परिसरातले लोक, हिशेबात धरले.

भारतीय बाजू सांगताना शिक्षकांना गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीचा, म्हणजे धनिकाने संपत्ती समाजाचा विश्वस्त म्हणून सांभाळावी या विचाराचा, आणि ती मानणाऱ्या उद्योगपती जमनालाल बजाजांचा आधार असतो. टाटांच्या पोलाद कारखान्यात 1912 मध्ये 8 तासांचा कामाचा दिवस लागू झाला, तो कायद्याने येण्याच्या कितीतरी आधी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांच्या वस्तीचाही विचार झाला. या उदाहरणांत नफ्यातून बाजूला काढलेल्या रकमेचा प्रश्न नव्हता. कारखाना कसा चालवायचा, हाच प्रश्न होता.

कायद्याचे वळण : कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. कंपन्यांचा असा खर्च 2014-15 मध्ये सुमारे 10 हजार कोटी होता. 2020-21 मध्ये तो 26 हजार कोटींच्या आसपास गेला. त्यात महाराष्ट्राचा वाटा सातत्याने मोठा राहिला आहे. पैसा आला, तशी तो नीट खर्च करणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली आणि विषयाला नोकरीचे दार मिळाले.

कलमाचे गणित वर्गात फळ्यावर सोडवले जाते. तीन वर्षांचा नफा 8, 10 आणि 12 कोटी. सरासरी 10 कोटी. म्हणून बंधनकारक खर्च 20 लाख. त्यात प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1 लाखापर्यंतच चालतो. रक्कम 50 लाखांच्या आत असल्याने स्वतंत्र सीएसआर समितीची सक्ती नाही. ते काम संचालक मंडळच करते. खरी गंमत पुढे आहे. कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च यात धरता येईल का? नाही, ते दुसऱ्या कायद्याने आलेले कर्तव्य आहे. फक्त आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर? तेही नाही. राजकीय पक्षाला देणगी? मुळीच नाही. जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेले प्रायोजकत्वही बाद. ‘नाही’ची ही यादी संपता संपता विद्यार्थ्यांच्या लक्षात येते, की कामगार आणि प्रदूषण हे जबाबदारीचे सर्वांत जुने दोन प्रश्न या 2 टक्क्यांच्या बाहेरच उरतात.

क्षेत्रकार्य : मुंबईच्या एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थ्यांना सामाजिक संस्थांबरोबर काही आठवडे प्रत्यक्ष काम करावे लागते. आणंदच्या ‘इर्मा’ या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत (स्थापना 1979) खेड्यातला मुक्काम हा शिक्षणाचा कणाच आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत 2011 मध्ये सार्वजनिक उपक्रमांसाठी राष्ट्रीय सीएसआर केंद्र सुरू झाले. जिथे क्षेत्रकार्य दोन दिवसांच्या भेटीवर उरकले जाते, तिथे हाती फोटो आणि सादरीकरण एवढेच लागते. मुक्काम लांबला, की गावाने न मागितलेले शौचालय कोठार का झाले, हे विचारायला वेळ मिळतो.

सत्यमची केस : या विषयातली कदाचित सर्वांत अवघड केस हैदराबादची आहे. तिथे ऑगस्ट 2005 मध्ये ‘108’ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यामागे सत्यम कॉम्प्युटर्स या माहिती तंत्रज्ञान कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू होते. पुढे ती अनेक राज्यांत पोचली आणि असंख्य रुग्णांच्या उपयोगी पडली. 7 जानेवारी 2009 रोजी याच राजूंनी पत्र लिहून कंपनीच्या हिशेबात फेरफार केल्याची कबुली दिली. कागदावर दाखवलेली 5,000 कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनीला सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता. वर्गात इथे दोन तट पडतात. रुग्णवाहिका खऱ्या होत्या आणि ताळेबंद खोटा होता. कॅरोलच्या पिरॅमिडमध्ये कंपनीला कुठे बसवायचे, यावर तास संपतो.

मूल्यमापन : लेखी परीक्षेत व्याख्या, कलम आणि पिरॅमिड मोजता येतात, निर्णयक्षमता मोजता येत नाही. म्हणून काही शिक्षक कंपन्यांचे वार्षिक अहवालच समोर ठेवतात. बाजारमूल्याने पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून ‘सेबी’ या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल द्यावा लागतो. त्यात पाणी, ऊर्जा, वेतन, अपघात आणि तक्रारी यांचे आकडे असतात. विद्यार्थी सीएसआर खर्चाचे परिशिष्ट आणि हा अहवाल शेजारी शेजारी ठेवतात, आणि गावात जलसंधारणावर खर्च करणारी कंपनी स्वतःच्या कारखान्यात किती पाणी उपसते, ते शोधतात.