सावित्री नदीवरील जुना पूल (महाड)

सावित्री नदीवरील जुना पूल हा महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, मुंबई–गोवा महामार्गावर महाड व पोलादपूर यांच्या दरम्यान असलेला ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल होता. १९२८ साली बांधलेला हा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात कोसळला. या दुर्घटनेत सुमारे ४० जणांचा मृत्यू झाला.

पार्श्वभूमी

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड असा प्रवास करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. रायगडाच्या पायथ्याचे, पाचाड परिसरातील पाणीही गांधारी नदीवाटे महाडजवळ तिलाच मिळते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला की खालच्या खोऱ्यात पाणी झपाट्याने चढते. पूर महाडकरांना नवा नाही.

जुन्या पुलाला समांतर दुसरा, अलीकडच्या काळातील पूल उभा होता. त्यामुळे जुन्या पुलावरून केवळ मुंबईकडे जाणारी वाहने सोडली जात. पुरात हा नवा पूल टिकला. मे २०१६ मध्ये जुन्या पुलाची पाहणी झाली होती व त्यात धोका आढळला नव्हता, असे शासनाने नंतर सांगितले. वरून केलेल्या अशा पाहणीत पाण्याखालील पायाची झीज कितपत कळते, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

दुर्घटना

रात्री साडेअकराच्या सुमारास पुलाचा मोठा भाग वाहून गेला. अंधार आणि मुसळधार पाऊस यांमुळे पुढे रस्ता उरलेला नाही हे चालकांना दिसणे शक्य नव्हते. राज्य परिवहन महामंडळाच्या जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन बस आणि एक खासगी मोटार नदीत पडली. जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या हा प्रकार लक्षात आला व त्याने इशारा दिल्यामुळे मागची वाहतूक थांबली. अन्यथा मृतांची संख्या वाढली असती.

शोधकार्य

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल व स्थानिक लोक शोधात उतरले. गढूळ पाणी, प्रचंड वेग आणि नदीतील मगरी यांमुळे पाणबुड्यांचे काम कठीण झाले. वाहने शोधण्यासाठी क्रेनला ३०० किलो वजनाचे लोहचुंबक बांधून पात्रात सोडण्यात आले. बसचे सांगाडे मात्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पाण्याचा जोर ओसरल्यावरच हाती लागले. काही मृतदेह थेट हरिहरेश्वर व आंजर्ले किनाऱ्यापर्यंत वाहत गेले होते. काहींचा शोध लागलाच नाही.

चौकशी व नवा पूल

महाबळेश्वर परिसरातील अतिवृष्टीमुळे आलेल्या पाण्याचा दाब हे प्राथमिक कारण शासनाने सांगितले. निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमण्यात आला, तसेच राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच ठिकाणी १६५ दिवसांत बांधलेला तीन पदरी पूल ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला.