बदल केलेल्या मोटारीतील ब्रेक बूस्टर : निर्वात नळीचे दोष, तपासणी आणि दुरुस्ती

रायपूर : बस्तरहून रायपूरकडे परतताना राष्ट्रीय महामार्ग ३० वरील केशकाल घाटाची वळणे उतरावी लागतात. अशा उतारावर ब्रेकचे पेडल एकाएकी कठीण झाले, तर बूस्टरला इंजिनाशी जोडणारी रबरी नळी हे त्याचे एक कारण असू शकते. इंजिन किंवा त्याचे भाग बदललेल्या मोटारींत हा दोष विशेष संभवतो.

बूस्टर कसा चालतो?

बूस्टरमधील पडद्याच्या दोन्ही बाजूंस निर्वात राखलेला असतो. पेडल दाबताच एका बाजूस बाहेरची हवा शिरते आणि दाबातील फरकामुळे चालकाच्या पायाचा जोर कित्येक पटींनी वाढतो. साध्या पेट्रोल इंजिनात हा निर्वात इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेल इंजिनाला त्यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. नळीवरील एकदिशा झडप इंजिन बंद पडल्यावरही एक-दोनदा ब्रेक लावण्यापुरता साठा राखते.

बदलांमुळे काय बिघडते?

पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवून पंप न जोडल्यास नळी नवी असूनही बूस्टर निष्प्रभ राहतो. टर्बो बसवल्यास मॅनिफोल्डमध्ये उलटा दाब निर्माण होतो. झडप सदोष किंवा क्लिप सैल असल्यास नळी निसटू शकते. नळी एक्झॉस्टजवळून नेल्यास रबर कडक होऊन तडकते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या रायपूरसारख्या शहरात ही झीज अधिक वेगाने होते.

तपासणी

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टरला निर्वात मिळत आहे. न गेल्यास दोष आहे. हवा गळत असल्यास सुस्कारा ऐकू येतो आणि पेट्रोल इंजिनाची मंद गती अस्थिर होते.

नेमका दोष व्हॅक्यूम गेजने कळतो. निरोगी साध्या पेट्रोल इंजिनात मंद गतीला सुमारे १८ ते २२ इंच पारा इतका निर्वात असतो. मॅनिफोल्डपाशी तो पुरेसा, पण बूस्टरच्या टोकाला कमी असेल, तर नळी किंवा झडप सदोष समजावी. मॅनिफोल्डपाशीच कमी असल्यास मूळ इंजिनात शोधावे. दोन्हीकडे पुरेसा असूनही पेडल कठीण राहिल्यास बूस्टर तपासावा.

दुरुस्ती

पाण्याची किंवा इंधनाची साधी नळी वापरू नये. ती आतून चिंबून प्रवाह अडवते. निर्वातासाठीच बनवलेली, मूळ व्यासाची, मजबुतीचे अस्तर असलेली नळी घ्यावी. तीव्र वळण, उष्ण भाग आणि घर्षण टाळावे. झडपेतून हवा केवळ बूस्टरकडून इंजिनाकडे जाईल, अशी तिची दिशा ठेवावी. चिकटपट्टी गुंडाळून गळती थांबवणे धोक्याचे आहे. कामानंतर आधी आवारात, मग सपाट रस्त्यावर मंद वेगाने ब्रेक आजमावावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर निर्बंध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे इंजिन बदलण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाची परवानगी आणि निर्वाताची सोय या दोन्ही बाबी निश्चित करणे आवश्यक ठरते.