सुतावरून सुरत

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना सुरत शहर ठाऊक असते ते बहुधा एकाच कारणाने. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी या संपन्न बंदरावर स्वारी केली आणि १६७० मध्ये ती पुन्हा केली, एवढे सनावळीसह पाठ झाले की सुरतेचा अभ्यास संपतो. परंतु त्या नगरीत एवढी संपत्ती आली कोठून, ती कोणाच्या हातांनी निर्माण झाली आणि पुढे कोठे गेली, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. वास्तविक असे प्रश्न मुलांच्या मनात उत्पन्न व्हावेत, अशा शिक्षणाचा पुरस्कार करणारा ठराव याच सुरत जिल्ह्यात संमत झाला होता. अभ्याससहलींचा आणि प्रकल्पांचा आज बराच गाजावाजा होतो. त्या वेळी या ठरावाचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही.

या हकीगतीचा प्रारंभ वर्ध्यास झाला. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस तेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाच्या द्वारे सर्व शिक्षण द्यावे, ही कल्पना गांधीजींनी तेथे मांडली. उदाहरण घेतले ते साध्या टकळीचे. टकळी फिरवता फिरवता मुलाने सूत मोजावे, म्हणजे गणित आले. कापूस कोठे व कसा पिकतो हे पाहावे, म्हणजे भूगोल आला. आणि या देशाचा हा प्रमुख हस्तोद्योग ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत कसा बुडाला हे समजून घ्यावे, म्हणजे इतिहासही आला. 'सुतावरून स्वर्ग गाठणे' हा वाक्प्रचार आपण थट्टेने वापरतो. येथे सुतावरून सृष्टीचे ज्ञान गाठण्याचा विचार गंभीरपणे मांडला गेला होता.

परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. विनोबा भावे आणि काकासाहेब कालेलकर हे दोन मराठी भाषक तिचे सभासद होते. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी समितीने सात वर्षांचा शिक्षणक्रम आखला. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत तापीकाठी, बारडोलीजवळच्या हरिपुरा गावी, सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्षांचा एक्कावन्न बैलांचा रथ आणि नंदलाल बोस यांची चित्रे यांमुळे ते अधिवेशन लोकांच्या स्मरणात राहिले. तेथील शिक्षणविषयक ठराव मात्र तितकासा कोणाला आठवत नाही. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि मुलाच्या परिसराचा विचार करून निवडलेल्या उद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास, ही त्याची तीन कलमे होत. यांतील 'परिसर' हा शब्द अत्यंत महत्त्वाचा. शाळेची भिंत ही ज्ञानाची सीमा नव्हे, हेच त्याने मान्य केले.

या योजनेवर त्या काळीही कठोर टीका झाली. साडेपाच तासांच्या शाळेतील तीन तास वीस मिनिटे उद्योगाला दिली होती. हे शिक्षण की मुलांची वेठबिगार, असा प्रश्न विचारला गेला. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागावा या कल्पनेला तर वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी विरोध केला होता. ही टीका अगदीच निराधार नव्हती. पुढे अनेक शाळांतून टकळी राहिली, पण टकळीतून निघणारे प्रश्न राहिले नाहीत. सूत निघाले, ज्ञान निघाले नाही. हाताला काम मिळाले तरी मनाला विचार मिळाला नाही, तर उद्योगाचे ओझे होते, हा त्या प्रयोगाचा मोलाचा धडा होय.

आजच्या सहलींना हाच धडा लागू पडतो. बस भरून मुले न्यावीत, किल्ल्यापुढे छायाचित्र काढावे, उपाहार करून परतावे, याला प्रवास म्हणता येईल. शोधयात्रा म्हणता येणार नाही. शोधयात्रेस निघणाऱ्या मुलाच्या वहीत निघण्यापूर्वीच एक प्रश्न लिहिलेला असला पाहिजे.

असा प्रश्न घेऊन सुरतेत हिंडण्यासारखे पुष्कळ आहे. तापीकाठी सोळाव्या शतकातील किल्ला उभा आहे. १७५९ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. इंग्रजांच्या दफनभूमीत जॉर्ज ऑक्झेंडन याची भव्य कबर आहे. १६६४ च्या स्वारीच्या वेळी हाच इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता. परदेशी व्यापाऱ्यांच्या कबरी एवढ्या थाटाच्या का, हे मुलांनी विचारले की सुती कापडाचा व्यापार आपोआप पुढे येतो. कंपनीने १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचे आपले मुख्य ठाणे मुंबईस का नेले, हा पुढचा प्रश्न. आणि जुन्या वखारींची आठवण मागे टाकून शहरात शिरले की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. त्या मागांवर खानदेशातून आलेली कितीतरी मराठी माणसे राबत आली आहेत. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. त्या मुलांना परिसर शोधण्यासाठी लांब जावयाचे कारण नाही. वडिलांच्या हातातील धागा हाच त्यांचा पहिला पाठ.

तापी नदी हा दुसरा. मुलताईस उगम पावून, खानदेशाची भूमी भिजवून ती सुरतेस येते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तिच्या पुराने हे शहर बुडवले. उकाईचे धरण असतानाही पूर का आला, याचा शोध घेताना भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र यांच्या भिंती गळून पडतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे, असे सुचवले आहे. हरिपुऱ्याच्या ठरावानंतर ब्याऐंशी वर्षांनी तोच विचार दुसऱ्या वेषात परत आला, असे म्हणता येईल. मात्र पाठीवरचे दप्तर उतरवणे सोपे असते. त्याच्या जागी मनात एक प्रश्न ठेवणे हे शिक्षकाचे काम, आणि ते कोणत्याही ठरावाने आपोआप होत नाही. कुंभाराच्या चाकापाशी नेलेल्या मुलाने ही माती कोठली, असे विचारले तर ते दहा दिवस सार्थकी लागले. न विचारले तर टकळीचीच कथा पुन्हा लिहावी लागेल.