देवासचे बालगंधर्व

उज्जैन 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी होतं. दरबार ग्वाल्हेरला गेला, पण मराठी घरं माळव्यात राहिली आणि त्यांच्यासोबत नाटकाच्या पदांची आवडही राहिली. तिथून चाळीसएक किलोमीटरवर देवास, पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचं गाव. क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व 1948 मध्ये मुंबई सोडून इथेच आले.

त्यांनी 1965 साली संगीत रंगभूमीवरच्या गायक-नट बालगंधर्वांच्या पदांचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. त्याला अनेकांनी गतकाळाची हळहळ मानलं. उपलब्ध साधनं वेगळं सांगतात.

पहिलं साधन नाटकांची छापील पुस्तकं. खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ 1916 चं. चाली भास्करबुवा बखले यांच्या. पुस्तकात शब्द असतात, पदावर राग-ताल असतो. गाणारा कुठे थांबला, कोणता शब्द पुन्हा घेतला, हे त्यात सापडत नाही. दुसरं साधन तबकड्या. आवाज आहे, पण एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. रंगभूमीवर वन्समोरमागून वन्समोर घेत फुलणारं पद त्यात कसं मावणार? या दोन साधनांच्या मधली जागा कागदाने भरून निघत नाही. ती गाणाऱ्यालाच भरावी लागते.

तिसरं साधन कुमारांच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा हा मुलगा. एक्केचाळिसाव्या वर्षी नक्कल त्यांना सहज जमली असती. ती त्यांनी केली नाही. आवाजाची फेक त्यांची स्वतःची आहे. शब्दांची स्वच्छता आणि पात्राच्या भावाला धरून राहणं मात्र बालगंधर्वांचं. माझ्या मते बालगंधर्वांच्या गाण्यावरचं इतकं नेमकं भाष्य एकाही ग्रंथात नाही.

आणि तारीख पाहावी. त्याच 1965 मध्ये कुमारांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ मौज प्रकाशनाने छापला; त्यात त्यांच्या स्वतःच्या नव्या बंदिशी आहेत. नवं रचणारा माणूस त्याच वर्षी जुन्या पदांकडे वळतो, ते मागे परतण्यासाठी नव्हे. शिवाय बालगंधर्व तेव्हा हयात होते. त्यांचं निधन 15 जुलै 1967 चं. म्हणजे ही श्रद्धांजली नव्हती, एका गायकाने दुसऱ्याचं केलेलं वाचन होतं.

उज्जैन, देवास, इंदूरच्या जुन्या घरांत अजून तबकड्या, पदांच्या वह्या, नाटकांची हँडबिलं असतील. ती रद्दीत घालू नका. मिळालेली जागा आणि साल माहीत असेल तर लिहून ठेवा, आणि एखाद्या संग्रहालयाला द्या.