व्हिडिओ खेळांचे गुणदोष आणि खेळाडूची साक्ष : इतिहाससाधन म्हणून एक विचार

एखाद्या व्हिडिओ खेळाची रचना चांगली की सदोष, यासंबंधी खेळाडू जे मत देतो, त्याला इतिहासाच्या अभ्यासात काही स्थान असू शकते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. खेळाडूचे मत ही रुचीची बाब होय आणि रुचीविषयी वाद घालण्यात अर्थ नाही, असे म्हणून तो बाजूस सारण्याकडे अभ्यासकाची प्रवृत्ती असते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे निराळे आहे. व्हिडिओ खेळात मूळ वस्तू पुष्कळदा टिकत नाही. टिकतो तो तिच्याविषयीचा अभिप्राय. म्हणून हा अभिप्राय केवळ रुचीचा उद्गार म्हणून न वाचता साक्ष म्हणून वाचला पाहिजे, आणि अन्य कोणत्याही साक्षीला आपण लावतो ती चिकित्सा त्यालाही लावली पाहिजे. पालघर, बोईसर व तारापूर या परिसरात असे साधन गोळा करण्याचे काम हाती घेण्याजोगे आहे, हे लेखाच्या उत्तरार्धात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

पाठचिकित्सेची पद्धती महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभिले आणि ते १९६६ साली पूर्णत्वास गेले. निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या एकमेकींशी ताडून पाहता आल्या, म्हणूनच ते काम शक्य झाले. नवी पोथी लिहिली गेली म्हणून जुनी आपोआप नाहीशी होत नाही. व्हिडिओ खेळाची स्थिती नेमकी उलट आहे. निर्माता खेळाची सुधारलेली आवृत्ती दूरवरून पाठवितो आणि ती खेळाडूच्या यंत्रातील जुन्या आवृत्तीची जागा घेते. कित्येक खेळ तर निर्मात्याच्या संगणकाशी जोडलेले असतील तोवरच चालतात. ती जोडणी तुटली की खेळणाराच्या हाती काहीच उरत नाही. पोथी लुप्त व्हावी आणि टीकाकाराने उद्धृत केलेला पाठ तेवढा मागे राहावा, तसा येथे खेळाडूचा अभिप्राय मागे राहतो.

ही अडचण केवळ यंत्रयुगाची आहे असेही नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर मुंबईत १८१४ साली, म्हणजे पेशवाईच्या अखेरच्या काळात, प्रसिद्ध झाले. त्यातील डाव युरोपीय खेळपद्धतीस अनुसरून बदलले आहेत, हे त्याच्या नावातच सांगितले होते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकत असे, राजाला एकदा घोड्याची चाल चालता येई, आणि प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर तो उणा विजय मानला जाई. रूपांतरात खेळाचे हे अंग झाकले गेले. तथापि प्याद्याने दिलेली मात विशेष मानाची समजली जाई, ही गोष्ट अशा ग्रंथांतील कूटांवरून स्पष्ट होते. कोणता शेवट सुंदर आणि कोणता सामान्य, हे खेळाडूचे मतच होय. नियम पालटले तरी त्या मतावरून जुन्या खेळाचा अंदाज बांधता येतो.

आता अगदी अलीकडचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. त्याआधी २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न झाला होता. तो सफल झाला नाही. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका. राजस्थानातील गढ्या व महाल यांच्या धर्तीवर त्यातील वास्तू रचल्या असून कथेचा काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितला आहे. जगातील नवोदित निर्मात्यांच्या खेळांसाठी २०२० साली जो पुरस्कार ठेवला होता, त्याच्या नामांकनांत या खेळाचा समावेश होता.

या खेळासंबंधीचे अभिप्राय वाचले असता दोन सूर स्पष्टपणे ऐकू येतात. वास्तुशिल्प, रंग आणि पौराणिक कथांचा उपयोग यांची स्तुती बहुतेकांनी केली. त्याच वेळी लढाईचे प्रसंग सफाईदार नाहीत, नायिकेने एकदा वार उगारला की तो आवरून चटकन बाजूला होता येत नाही, आणि कथा एकाएकी संपते, असे आक्षेपही वारंवार घेण्यात आले. पुढे २०२२ साली निर्मात्यांनी सुधारित आवृत्ती काढली. तीत लढाईच्या रचनेत बदल केले आणि हिंदी संवाद घातले. त्यानंतर हा खेळ नव्याने घेणाऱ्याच्या हाती सामान्यतः हीच आवृत्ती येते. तेव्हा २०२० सालचा आक्षेप २०२४ साली वाचून ‘हा टीकाकार अकारण कठोर आहे’ असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. तो ज्या पाठाविषयी बोलत होता, तो पाठ आज आपल्यासमोर नाही. उलट, त्याच्या आक्षेपावरूनच तो पाठ कसा होता हे आपणास कळते.

याचा अर्थ खेळाडूचे प्रत्येक मत प्रमाण मानावे असा मात्र नव्हे. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९८२ साली ‘ई. टी.’ हा खेळ काढला. हावर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो सुमारे पाच आठवड्यांत तयार करावा लागला होता. नायक वारंवार खड्ड्यात पडतो, ही त्याविषयीची तक्रार प्रसिद्धच आहे. १९८३ साली कंपनीने न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे माल पुरला, तेव्हा ‘जगातील सर्वांत वाईट खेळाचे हे दफन’ अशी आख्यायिका रूढ झाली. २०१४ साली तेथे उत्खनन झाले. त्यात ‘ई. टी.’ सापडला हे खरे. परंतु त्याच्यासोबत लोकप्रिय ठरलेले अनेक खेळही निघाले. म्हणजे मालाचा साठा तुंबण्याचे व्यापारी कारण बाजूस पडून सारा दोष एका खेळाच्या रचनेवर गेला होता. स्वतः खेळलेल्याची साक्ष आणि ऐकीव मत यांत भेद न केल्यास काय होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

या दृष्टीने पालघर परिसराकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या वसाहतीत आणि बोईसरच्या औद्योगिक क्षेत्रात निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येऊन राहिली. १९९०च्या दशकात भारतीय शहरांतून निन्टेन्डोच्या यंत्रांच्या नकला दूरदर्शन संचाला जोडून खेळल्या जात. एका कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याची जाहिरात असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ पुनःपुन्हा येत. आता त्या काळी बोईसरला वाढलेल्या कोणी ‘काँट्रा सोपा होता’ असे सांगितले, तर अभ्यासकाने काय समजावे? मूळ खेळात तीन जीव मिळतात; ठरावीक कळा क्रमाने दाबल्यास तीस. सांगणाऱ्यास ती युक्ती ठाऊक होती काय? की त्याच्या कॅसेटवरील नक्कलच बदललेली होती? हे विचारल्यावाचून ते मत वापरता येणार नाही.

त्यानंतरच्या काळातही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. उपनगरी गाडी १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणू रोडपर्यंत गेली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून फुटून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०१६पासून मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले. पब्जी मोबाईल या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदी आली आणि ३० ऑक्टोबरपासून येथील खेळाडूंची जोडणी थांबली. त्याचे बीजीएमआय हे भारतीय रूप २०२१ साली आले, २०२२ साली दुकानांतून काढले गेले आणि २०२३ साली परतले. त्यात रक्ताचा रंग पालटला व अल्पवयीनांच्या खेळण्याला वेळेची मर्यादा पडली. ‘पूर्वीचा खेळ अधिक चांगला होता’ असे कोणी म्हटल्यास हा ‘पूर्वीचा’ कोणता, हे ठरविणे अवश्य आहे. बोईसरहून विरारकडे जाताना जोडणी तुटून डाव गेला असेल, तर दोष रचनेचा, दूरसंचाराचा की साध्या फोनचा, हेही पाहावे लागेल.

म्हणून प्रत्येक साक्षीसोबत पुढील पाच गोष्टींची नोंद व्हावी, असे सुचवावेसे वाटते : खेळाची आवृत्ती व वर्ष, यंत्र वा फोनचा प्रकार, खेळण्याचे स्थळ, म्हणजे घर, पार्लर, वसाहत की गाडी, खेळाडूचे त्या वेळचे वय व सोबती, आणि मत स्वानुभवाचे की ऐकीव. मतातील शब्दही जसेच्या तसे टिपावेत. ‘लाईफ गेली’, ‘हँग झाला’, ‘लॅग होतो’ या बोलींतच रचनेविषयीची परिभाषा दडलेली आहे. तिला ग्रंथभाषेचा पोशाख चढविल्यास पुरावा बिघडेल.

विलंब करणे मात्र इष्ट नाही. १९९० साली जे दहा वर्षांचे होते, त्यांनी आता पंचेचाळिशी ओलांडली आहे. नक्कल यंत्रे बहुधा भंगारात गेली आणि मोबाईलवरील खेळांच्या जुन्या आवृत्त्या निर्मात्यांनीच पुसल्या. पेशवेकालीन पटाविषयी थोडेबहुत सांगता येते, ते कोणी तरी त्याची कूटे लिहून ठेवली म्हणून. आपल्या काळातील खेळांविषयी सांगू शकणारे साक्षीदार अद्याप हयात आहेत आणि त्यांच्याकडे जाण्यासाठी डहाणू लोकलने बोईसरला उतरणे एवढेच पुरेसे आहे.